आईबाबांना मोबाईल शिकवताय? आधी वयाने डोक्यात काय बदलतं ते समजून घ्या

चार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आई तेव्हा ७२ वर्षांची होती. तिने तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेलं, मंडईत आजही भाजीवाल्याच्या आधी तिचा हिशोब होतो. आणि त्या दिवशी वीजबिल भरताना ती अगदी रडकुंडीला आली. ॲप उघडलं, ग्राहक क्रमांक टाकायचा म्हणून चष्मा शोधायला गेली, तोवर स्क्रीन काळी, परत उघडलं तर सगळं पहिल्यापासून, मग ओटीपी आला तो मेसेजमध्ये, तो बघायला ॲपमधून बाहेर आली तर परत आत कुठून जायचं तेच कळेना, आणि तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि आकडा डोक्यातून गेला. "मला नाही बाई कळत आता काही," म्हणाली आणि फोन माझ्यासमोर ठेवून उठून गेली.

तिचा तो चेहरा मला आजही आठवतो, कारण त्याआधी दोनदा माझा आवाज चढला होता. "अगं आत्ताच सांगितलं ना!" असं आपण सगळेच म्हणतो. त्यानंतर मी वाचायला लागले, आणि गेली तीन वर्षं दर रविवारी आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात काका-काकूंना मोबाईल शिकवायला जाते. एवढ्या दिवसांत एक गोष्ट पक्की कळली, ती म्हणजे ही माणसं शिकू शकतात, चांगली शिकतात, फक्त फोन त्यांच्याकडून एका वेळी खूप गोष्टी लक्षात धरायची अपेक्षा करतो आणि त्यासाठी वेळ देत नाही. ते ओझं कमी कसं करायचं, ते खाली क्रमाने लिहिलंय.

आधी हे समजून घ्या

बुद्धी ही सगळी एकाच मापाने कमी होत नाही. रेमंड कॅटेल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने तिचे दोन भाग केले होते. एक मुरलेली बुद्धी, म्हणजे शब्द, अनुभव, माणसं ओळखणं, व्यवहार. ही साठीनंतरही टिकते, काहींची तर वाढते. दुसरी म्हणजे अगदी नवीन गोष्ट समोर आली की तिथल्या तिथे उलगडायची क्षमता, ती मात्र तरुणपणापासूनच हळूहळू उतरत जाते. आता गंमत बघा, मोबाईलवर जे काही करायचं असतं त्यातलं बहुतेक या दुसऱ्या खात्यातलं. आई माणसाचा आवाज ऐकून खोटं ओळखेल, पण कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांच्या आत मेनू असतो हे तिला कुठल्याच अनुभवातून कळणार नाही.

दुसरं म्हणजे वेग. टिमथी सॉल्टहाऊस यांनी १९९६ साली मांडलं की वयानुसार मेंदूचं काम मंदावतं, आणि नुसता उशीर होतो एवढंच नाही तर दुसरी पायरी पूर्ण होईपर्यंत पहिल्या पायरीचा निकाल विसरायला होतो. ओटीपीचा घोळ नेमका हाच आहे.

तिसरं, मला स्वतःला सगळ्यात उपयोगी पडलेलं, म्हणजे कामापुरती स्मरणशक्ती. हा स्वयंपाकघरातला ओटा समजा. तरुणपणी ओट्यावर साधारण चार भांडी मावतात, वयानुसार ओटा लहान होतो. मागच्या फडताळात सामान भरपूर आहे, ते कुठे गेलं नाही, पण ओट्यावर एक नवीन पातेलं ठेवलं की आधीचं एक खाली पडतं. त्यातच समोर जाहिरात उघडली, वरून नोटिफिकेशन आलं, कुणाचा तरी गुड मॉर्निंगचा फोटो आला की तेही ओट्यावर येऊन बसतं. लिन हॅशर आणि रोझ झॅक्स यांनी १९८८ मध्येच हे लिहून ठेवलंय की वाढत्या वयात नको त्या गोष्टी बाजूला सारणं अवघड होत जातं.

आणि आता चांगली बातमी. हाताला लागलेली सवय फार उशिरापर्यंत टिकते. रांगोळी, पेटी, सायकल, शिवणयंत्र हे सगळं त्याच खात्यातलं. म्हणून तीच गोष्ट, त्याच जागी, त्याच क्रमाने पुन्हा पुन्हा केली की ती ओट्यावर ठेवावीच लागत नाही, हात आपोआप करतात. आपलं सगळं काम इथपर्यंत पोचवण्याचं आहे.

पहिलं काम: वीस मिनिटं नुसतं बघा

शेजारी बसा आणि त्यांना त्यांच्या रोजच्या दोन गोष्टी करायला सांगा, फोटो पाठवणं आणि कुणाला तरी फोन लावणं. मध्ये बोलायचं नाही, हात तर अजिबात लावायचा नाही. कागदावर लिहा की कुठे थांबतात, डोळे बारीक कुठे करतात, कुठे "हे काय आलं आता" म्हणतात. आपल्याला वाटतं यूपीआय अवघड जात असेल, प्रत्यक्षात निम्म्या लोकांचं अक्षरंच दिसत नसल्याने अडलेलं असतं. साठीला डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो, कारण बाहुली लहान झालेली असते आणि भिंग पिवळट. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं ठेवणाऱ्या ॲपवाल्यांना हे कुणीतरी सांगायला हवं. मोतीबिंदू, कमी ऐकू येणं यांची तपासणी राहिली असेल तर ती आधी, मोबाईल नंतर.

दुसरं काम: फोन त्यांच्या मापाचा करा

याला शांतपणे एक तास द्या. मी अँड्रॉइडचं सांगते, कंपनीनुसार नावं थोडी इकडेतिकडे असतील.

डिस्प्लेमध्ये जाऊन अक्षराचा आकार आणि डिस्प्लेचा आकार दोन्ही वाढवा, मात्र इतकं नको की बटणं स्क्रीनच्या बाहेर जातील, वाढवून झालं की बँकेचं ॲप उघडून खात्री करा. स्क्रीन बंद व्हायची वेळ ३० सेकंदांवरून किमान २ मिनिटांवर न्या, आईच्या फोनला मी ५ ठेवलीय, आणि या एका बदलाने तिची अर्धी चिडचिड गेली. ॲक्सेसिबिलिटीमध्ये 'टाइम टू टेक ॲक्शन' असतं, ते वाढवलं की वर येऊन पटकन नाहीशा होणाऱ्या सूचना जास्त वेळ थांबतात. तिथेच ॲनिमेशन बंद करता येतं, तेही करा, हलणाऱ्या गोष्टींनी लक्ष उगाच ओढलं जातं. खालून बोट सरकवायची नवी पद्धत असेल तर ती बदलून तीन बटणांची जुनी पट्टी आणा. परत जायचं बटण डोळ्यांना दिसत असलं की माणूस घाबरत नाही, काहीही झालं तरी ते दाबलं की मागे येतो हे त्याला माहीत असतं.

मग होम स्क्रीन. एकच पान ठेवा आणि त्यावर सहा ते आठ गोष्टी, बास. फोन, व्हॉट्सॲप, कॅमेरा, फोटो, यूट्यूब, पैशांचं एकच ॲप, आणि त्यांच्या आवडीचं काही, पंचांग असो की रेडिओ. त्या जागा त्यांनाच ठरवू द्या आणि नंतर कधीही हलवू नका, तुम्हाला कितीही नीटनेटकं करावंसं वाटलं तरी. जेवढ्या ॲपची नोटिफिकेशन बंद करता येतील तेवढी करा, मी फोन, मेसेज, व्हॉट्सॲप आणि बँक एवढीच चालू ठेवते. न वापरलेली ॲप काढून टाका, विशेषतः गेम आणि "क्लीनर" नावाची, जाहिराती बहुतेक तिथूनच येतात.

अपडेटचा प्रश्न खरंच अवघड आहे. एकदा आईच्या एका ॲपमध्ये रात्रीत अपडेट होऊन बटणं वरची खाली गेली, आणि महिनाभर कष्टाने बसलेली हाताची सवय एका सकाळी निरुपयोगी झाली, ती पुन्हा शून्यावर. पण सुरक्षेसाठी अपडेट लागतातच, ते टाळून चालत नाही. माझा तोडगा असा की प्ले स्टोअरमधलं आपोआप अपडेट बंद ठेवायचं आणि पंधरा दिवसांनी एका रविवारी मी शेजारी असताना सगळं अपडेट करायचं, काय बदललंय ते तेव्हाच दोघींनी बघायचं. ज्यांच्या घरी असं कुणी येणारं नाही त्यांनी मात्र अपडेट चालूच ठेवावं.

भाषा कुठली ठेवायची हे त्यांना विचारा, आपण ठरवायचं नाही. इंग्रजी वाचता येत नसेल तर मराठीच. टायपिंगसाठी मात्र सगळ्यांनाच माइकचं बटण दाखवा, मराठी बोललेलं बऱ्यापैकी नीट उमटतं, आणि आमच्या संघातले एक ८१ वर्षांचे काका आता नातवाला एवढे लांब मेसेज पाठवतात की बघत राहावं.

तिसरं काम: बोट

हे बारीकसं वाटेल, पण यावर कुणी बोलतच नाही. आईचं बोट मी एकदा जवळून बघितलं. ती अंगठा वापरत नाही, तर्जनी ताठ धरते आणि स्क्रीनवर दाबते, मिक्सरचं बटण दाबतात तसं, नखाची कड पांढरी होईपर्यंत. फोनला ते दाबणं कळतच नाही, स्क्रीनला त्वचेतून जाणारा विजेचा अगदी बारीकसा फरक कळतो. वयाने बोटांची टोकं कोरडी होतात, मग स्पर्श नीट लागत नाही, तो लागत नाही म्हणून माणूस अजून जोरात आणि अजून वेळ दाबतो, आणि फोन समजतो की हा "दाबून धरलं"चा हुकूम आहे. मग आयकॉन हलायला लागतात, मेसेज डिलीट करायचा का विचारतो, आणि समोरचा घाबरून म्हणतो "मी काही केलं नाही, आपोआप झालं". खरंच त्यांनी काही केलेलं नसतं.

उपाय सोपे आहेत. बसायच्या आधी हाताला थोडं क्रीम किंवा खोबरेल लावून पुसून घ्यायचं. ॲक्सेसिबिलिटीत 'टच अँड होल्ड डिले' शॉर्टवरून लाँगवर न्यायचा. आणि शिकवताना "दाबा" हा शब्दच बंद करायचा, "टिचकी मारा" म्हणायचं, कॅरमच्या सोंगटीला मारतो त्याहून हलकी. बोटाची सवय करायला फोटोंच्या गॅलरीत दहा मिनिटं नुसते फोटो उघडा-बंद करायला लावा, तिथे चुकलं तर काही बिघडत नाही.

चौथं काम: शिकवणं

सकाळी शिकवा. बहुतेक वयस्कर लोकांचं लक्ष सकाळी चांगलं लागतं, आपण मात्र ऑफिसातून दमून आल्यावर रात्री नऊला टीव्ही चालू असताना बसतो. टीव्ही बंद, कुकर बंद, आणि २०-२५ मिनिटांच्या वर नको.

एका बैठकीला एकच काम, तेही एकाच रस्त्याने. "असंही करता येतं आणि तसंही" हे वाक्य मनातल्या मनात ठेवा, आपल्याला पाच रस्ते माहीत असतात म्हणून ते सांगायचा मोह होतो आणि तिकडे ओटा भरून वाहतो. फोन पूर्ण वेळ त्यांच्या हातात. आपण एकदा फोन घेऊन "हे बघ असं" करून दाखवलं की त्या वीस सेकंदांत त्यांना काहीच मिळत नाही, चार पायऱ्या झरकन डोळ्यांसमोरून जातात आणि वर हे आपल्याला जमणार नाही असं वाटतं ते वेगळंच.

प्रत्येक पायरी करायच्या आधी त्यांना तोंडाने म्हणायला सांगा, "आता हिरवं बटण". अडले तर लगेच सांगू नका, दहापर्यंत मनात मोजा. स्वतः आठवून काढलेली गोष्ट पक्की होते, ऐकलेली निसटते. मग तेच काम अर्ध्या तासाने परत, संध्याकाळी परत, दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. एकदम दहा वेळा घोकण्यापेक्षा असं अंतर ठेवून पाच वेळा केलेलं जास्त टिकतं. आणि जे काम त्यांना हवंय तिथूनच सुरुवात करा. आईला यूपीआयची काडीचीही हौस नव्हती, पण यूट्यूबवर कुमार गंधर्व ऐकायचे होते, तिथे ती शोधायला शिकली, मागे यायला शिकली, आवाज कमी-जास्त करायला शिकली, आणि तेच सगळं पुढे इतर ठिकाणी कामाला आलं.

ओटीपीसाठी एक युक्ती सांगते, माझ्या संघात सगळ्यांना आवडलेली. सहा आकडे सुटे धरले तर सहा भांडी झाली. आपली मागची पिढी जोडीने आकडे म्हणण्यात तरबेज आहे, पाढे पाठ केलेत त्यांनी. ४८२९७३ हे "फोर एट टू नाइन" असं नको, "अठ्ठेचाळीस, एकोणतीस, त्र्याहत्तर" असं म्हणायचं. तीनच भांडी. आई आता मेसेज एकदा बघते, मोठ्याने म्हणते आणि न चुकता टाकते, मला स्वतःला जमत नाही इतक्या सहज. बऱ्याच ॲपमध्ये ओटीपी आपोआप भरला जातो, तिथे ही गरजच नाही, पण परवानगी एकदा देऊन ठेवा.

पाचवं काम: वही

दोनशे पानी, आखीव, फोनच्या चार्जरजवळ दोरीने बांधलेली. एका पानावर एकच काम. लिहायचं त्यांनी स्वतःच्या हाताने, त्यांच्या शब्दात. आईच्या वहीत व्हिडिओ कॉलच्या पानावर लिहिलंय "१. हिरवा फोनवाला. २. ताईचा फोटो. ३. वर कॅमेऱ्याचं चित्र (साधा फोन नाही!)". मी लिहिलं असतं तर "व्हॉट्सॲप चॅटमध्ये व्हिडिओ आयकॉन" असं लिहिलं असतं आणि तिला ते परकंच वाटलं असतं. ओट्यावर मावत नाही ते वहीत ठेवायचं, इतका साधा हिशोब आहे. वही बघून करणं म्हणजे कमीपणा नाही, हे मात्र घरातल्या सगळ्यांनी, नातवंडांनीसुद्धा, लक्षात ठेवायचं. एकच अट, यूपीआय पिन आणि पासवर्ड वहीत नकोत.

सहावं काम: पैसे आणि फसवणूक

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण इथली चूक आयुष्यभराच्या कमाईला लागते. फसवणाऱ्याचं मुख्य शस्त्र घाई हेच असतं. "अर्ध्या तासात वीज तोडणार", "केवायसी आज संपतंय", "तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, फोन ठेवू नका". ज्या मेंदूला विचार करायला थोडा जास्त वेळ लागतो त्याचा तो वेळच काढून घ्यायचा, वर भीतीने ओटा भरून टाकायचा. म्हणून दहा नियमांची यादी पाठ करून घेऊन उपयोग नाही, ऐन वेळी एकही आठवत नाही. एकच कृती पक्की करा: फोन ठेवायचा आणि घरच्याला लावायचा. हो, नाही, कोण बोलतंय, काही नाही, आधी ठेवायचा. आणि ही कृती हाताला लावायची म्हणजे सराव करायचा. मी आणि भाऊ महिन्यातून एकदा आईला अचानक फोन करतो, बँकेतून बोलतोय म्हणतो, आणि ती ताडकन ठेवते. तिला आधीच सांगून, तिच्या परवानगीने हे करतो, फजिती करायला नाही.

खालच्या चार गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात:

- पैसे येण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे जाणार.
- "डिजिटल अरेस्ट" असं कायद्यात काही नाही. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत.
- मेसेजमधून आलेलं कुठलंही ॲप टाकायचं नाही, लग्नपत्रिका म्हणून आलेलं असलं तरी.
- पैसे गेले तर ताबडतोब १९३० (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन), मग आम्हाला. लाज वाटून लपवायचं नाही, कुणी रागावणार नाही.

शेवटचं वाक्य आम्ही मुलांनी लिहून खाली सह्या केल्यात. कारण पहिल्या तासाभरात १९३० वर कळवलं तर पैसे अडवले जायची शक्यता खूप जास्त असते, आणि माणसं तो वेळ मुलं काय म्हणतील या काळजीत घालवतात.

बाकी व्यवस्था आपण करायची. पेन्शन आणि एफडीचं खातं यूपीआयला जोडूच नका, वेगळं छोटं खातं काढून त्यात महिन्याच्या खर्चापुरते पैसे ठेवा. यूपीआय सर्कल नावाची सोय आहे, तिच्यात आईने पैसे पाठवायचे ठरवले की मंजुरी आपल्या फोनवर येते आणि पिन आपण टाकतो, ज्यांना पिनची भीती वाटते त्यांना हे बरं. व्हॉट्सॲपमध्ये अनोळखी नंबरचे कॉल शांत करा, ग्रुपमध्ये कोण घालू शकतं ते "माझे कॉन्टॅक्ट" एवढंच ठेवा, टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. लांब राहणाऱ्या मुलांना व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर करून मदत करता येते, माझा भाऊ न्यू जर्सीहून तेच करतो. पण नियम असा की स्क्रीन शेअर फक्त आईने स्वतः लावलेल्या कॉलवर, कारण चोरही नेमकं तेच करायला सांगतात.

फॉरवर्डबद्दल थोडंसं

"हे खोटं आहे" म्हणून तोच मेसेज परत परत वाचून दाखवू नका. २००५ मध्ये इयन स्कर्निक आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात दिसलं की एखादी गोष्ट खोटी आहे असं वयस्कर लोकांना तीन-तीनदा सांगितलं, तरी तीन दिवसांनी "खोटी" हा शिक्का पुसला जातो आणि ऐकल्यासारखी वाटते म्हणून ती उलट खरी वाटायला लागते. म्हणून फक्त खरं काय ते सांगा. "लिंबूपाण्याने शुगर जात नाही" ऐवजी "शुगरची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवायची नाही".

कधी डॉक्टरकडे न्यायचं

नवीन गोष्ट हळू शिकणं, नाव आठवायला वेळ लागणं, दोन कामं एकत्र न जमणं, हे वयाचं आहे. पण जे वर्षानुवर्षं सहज येत होतं ते आता येईनासं झालं, रोजचा व्हिडिओ कॉल लावता येईना, एकच बिल तीनदा भरलं गेलं, एकाच माणसाला दिवसातून चारदा तोच प्रश्न विचारला जातोय, तर मोबाईल शिकवणं थांबवा आणि न्यूरॉलॉजिस्टकडे किंवा मेमरी क्लिनिकमध्ये न्या. बी-१२, थायरॉइड, उदासपणा, ऐकू न येणं, एखाद्या गोळीचा परिणाम, यातलं काही निघालं तर त्यावर उपचार असतो. भारतात साठीपुढच्या दर शंभरात साधारण सात जणांना डिमेन्शिया असल्याचा देशव्यापी पाहणीचा अंदाज आहे, म्हणजे घाबरून जायचं नाही पण दुर्लक्षही करायचं नाही. मोबाईल रोज वापरणारं माणूस अडखळायला लागलं की घरच्यांना ते लवकर दिसतं, तेवढं लक्ष ठेवा.

यंदा नोव्हेंबरमध्ये आईने बाबांच्या रेल्वेच्या फॅमिली पेन्शनसाठी हयातीचा दाखला घरी बसून काढला, जीवन प्रमाणवर चेहरा दाखवून. ८० च्या पुढच्यांना हे १ ऑक्टोबरपासूनच करता येतं, बाकीच्यांना नोव्हेंबरात. दोनदा चेहरा धरला नाही, कारण खिडकी तिच्या मागे होती आणि तोंडावर अंधार होता, मी सांगणार तेवढ्यात थांबले, मनात दहापर्यंत मोजले. सातव्या आकड्याला ती खुर्ची घेऊन वळली. मग पापण्या मिटल्या, उघडल्या, झालं, आणि चष्मा लावून वहीत नवीन पान काढलं: "१. खिडकीकडे तोंड करून बसणे."